मण्यारीचं विष आणि रक्ताचा एक रिपोर्ट

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला, बेळगावला नाहीतर नागपूरला, आज ज्या प्रसंगापासून सुरुवात करतोय तो तुम्हाला अनोळखी वाटणार नाही. घरातल्या कुणाची तरी एक पापणी संध्याकाळ झाली की खाली यायला लागते. सकाळी सगळं ठीक असतं. जेवायला बसलं की पहिले घास नीट चावले जातात, शेवटच्या घासांना जबडा थकतो. केस विंचरताना हात भरून येतात. फोनवर बोलता बोलता आवाज नाकातून यायला लागतो. डॉक्टर एक रक्ततपासणी लिहून देतात. तपासणी महाग असते, पैसे जमवून ती केली जाते, आणि रिपोर्ट येतो : निगेटिव्ह.

घरच्यांना हायसं वाटतं. “बघ, काही नाहीये तुला. टेन्शन घेऊ नकोस, झोप नीट काढ.” आणि त्या दिवशी संध्याकाळी पापणी पुन्हा खाली येते.

आजचा आपला विषय हाच आहे. अशा आजारात रक्तातली अँटिबॉडी शोधणारी तपासणी कितपत खरं सांगते? याचं उत्तर द्यायला मी त्या तपासणीचा इतिहास सांगणार आहे. कारण ती कशी तयार झाली हे समजलं की तिचं बळ कुठे आहे आणि ती कुठे कमी पडते, हे वेगळं सांगावं लागत नाही.

दिवसभरात थकणारे स्नायू

आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस. आपल्याकडे अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते १९८०च्या दशकात, अमिताभ बच्चन यांना हा आजार झाल्याची बातमी आली तेव्हा. आजार मात्र जुना आहे. इंग्लंडमधले डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६७२ साली एका बाईचं वर्णन लिहून ठेवलं आहे. ती सुरुवातीला व्यवस्थित बोलायची, पण बोलत राहिली की तिची वाचाच बंद व्हायची आणि विश्रांती घेतल्यावर परत यायची. पुढे दोनशे वर्षं याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मग १८७९ मध्ये जर्मनीत विल्हेल्म एर्ब आणि १८९३ मध्ये वॉर्सात सॅम्युएल गोल्डफ्लाम यांनी असे रुग्ण नीट अभ्यासले. १८९५ मध्ये बर्लिनच्या फ्रीड्रिश योली यांनी आजाराला नाव दिलं. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. रुग्णाच्या स्नायूला विजेचे बारीक झटके एकामागून एक दिले आणि दाखवलं की स्नायूचा प्रतिसाद हळूहळू क्षीण होत जातो. हा १८९५चा प्रयोग लक्षात ठेवा, शेवटी तो परत येणार आहे.

आता या आजारात बिघडतं काय? नस स्नायूला हुकूम देते तो थेट वायर जोडल्यासारखा देत नाही. नसेचं टोक आणि स्नायू यांच्यात एक अगदी सूक्ष्म फट असते. नस त्या फटीत असिटिलकोलिन नावाचं रसायन सोडते. स्नायूच्या बाजूला ते रसायन पकडणाऱ्या खाचा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. किल्ली कुलपात बसावी तसं रसायन रिसेप्टरमध्ये बसतं आणि स्नायू आखडतो. मायस्थेनियात बिघाड होतो तो या सांध्यात.

हे पहिल्यांदा रुग्णाच्या खाटेपाशी कळलं ते मेरी वॉकर यांच्यामुळे. लंडनजवळ ग्रिनिचच्या सेंट आल्फेज रुग्णालयात त्या डॉक्टर होत्या. मोठ्या पदावर नव्हत्या, कुठल्या नामवंत संशोधन संस्थेतही नव्हत्या. त्यांच्या लक्षात आलं की मायस्थेनियाचा रुग्ण कुरारे नावाच्या विषाची बाधा झालेल्या माणसासारखा दिसतो. कुरारेवर फायसोस्टिग्मीन हे औषध उताऱ्यासारखं चालत असे. मग ते इथे का चालू नये? १९३४ मध्ये त्यांनी ते एका रुग्ण स्त्रीला टोचलं आणि काही वेळापुरती तिची पापणी उचलली गेली, हातात ताकद आली. पुढे त्याच जातीचं निओस्टिग्मीन आलं. आपल्याकडे नाग चावलेल्या रुग्णाच्या पापण्या मिटायला लागल्या की डॉक्टर प्रतिविषाच्या जोडीला कधी कधी निओस्टिग्मीन देतात, तेच हे औषध.

सशांना झालेला आजार

सांधा बिघडतो हे कळलं, पण तो बिघडवतं कोण? १९६० मध्ये स्कॉटलंडमधले जॉन सिम्पसन यांनी एक तर्क मांडला. आपल्या शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा जंतूंशी लढायला अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, तयार करते. तीच अँटिबॉडी चुकून आपल्याच स्नायूंवर चालून जात असेल तर? त्यांच्याकडे खुणा होत्या. या रुग्णांच्या छातीतली थायमस ग्रंथी अनेकदा बिघडलेली असते. रुग्ण आईच्या काही बाळांना जन्मतः हीच दुर्बलता असते आणि काही आठवड्यांत ती आपोआप जाते, म्हणजे आईच्या रक्तातून काहीतरी बाळाकडे जातं आणि मग संपतं. तर्क जबरदस्त होता, पण सिद्ध करायला रिसेप्टर हातात यायला हवा होता. आणि तो पकडायचा कसा?

इथे कथेत साप येतो. तैवानमध्ये चँग आणि ली हे दोन संशोधक तिथल्या मण्यारीच्या विषावर काम करत होते. मण्यार आपल्याला नवी नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश कळतही नाही, आणि मग पापण्या मिटायला लागतात, घास गिळवत नाही, श्वास अडतो. तैवानची मण्यार आपल्या मण्यारीची भाऊबंदच. १९६३ मध्ये तिच्या विषातून त्यांनी एक घटक वेगळा काढला, अल्फा-बंगारोटॉक्सिन. हा घटक असिटिलकोलिनच्या रिसेप्टरला असा घट्ट चिकटतो की सहज सुटत नाही. जीव घेणारा हा गुण प्रयोगशाळेत वरदान ठरला. विषाला किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावली की रिसेप्टर जिथे असेल तिथे ती खूण दिसणार. रिसेप्टर मोजता यायला लागले.

१९७३ साली दोन शोध लागोपाठ आले. अमेरिकेत फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी हीच खूण वापरून दाखवलं की मायस्थेनियाच्या रुग्णांच्या स्नायूंवर रिसेप्टर खूपच कमी असतात. आणि कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांनी विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाचा रिसेप्टर शुद्ध करून सशांना टोचला. त्यांना फक्त रिसेप्टरविरुद्धची अँटिबॉडी तयार करून हवी होती. पण ससे गळून गेले, मान उचलेनात. निओस्टिग्मीनच्या जातीचं औषध दिलं तसे ते सावरले. सशांना मायस्थेनिया झाला होता. १९७५ मध्ये टॉयका, ड्रॅकमन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तातली अँटिबॉडी उंदरांना टोचली, तर आजाराच्या खुणा उंदरांत उतरल्या. सिम्पसन यांचा तर्क खरा निघाला.

तपासणी जन्मते

आता प्रश्न व्यवहाराचा होता. समोरच्या रुग्णाच्या रक्तात ही अँटिबॉडी आहे का, हे कसं सांगायचं? १९७४ मध्ये एका गटाने साधा विचार केला. रुग्णाच्या रक्तद्रवाने मण्यारीच्या विषाला रिसेप्टरवर बसायला अडवलं, तर अँटिबॉडी आहे असं समजायचं. १५ पैकी ५ रुग्णांतच असा अडथळा दिसला. बाकी १० जणांना आजार नव्हता का? होता. त्यांची अँटिबॉडी रिसेप्टरवर दुसऱ्या जागी बसत होती, विषाच्या वाटेत येतच नव्हती. रक्त तेच, आजार तोच. चुकला होता तो तपासणीने विचारलेला प्रश्न.

लिंडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी प्रश्न बदलला. माणसाच्या स्नायूतले रिसेप्टर साबणासारख्या द्रावणाने विरघळवून बाहेर काढले. त्यांना आधीच खूण लावलेलं विष चिकटवलं. मग रुग्णाचा रक्तद्रव घातला. अँटिबॉडी असेल तर ती रिसेप्टरला कुठेही धरेल. शेवटी अँटिबॉडी गाळासारखी खाली बसवली आणि तिच्याबरोबर किती खूण खाली आली ते मोजलं. १९७६ मध्ये निकाल छापून आला. मायस्थेनियाच्या ७१ रुग्णांपैकी ८७ टक्क्यांच्या रक्तात अँटिबॉडी वाढलेली सापडली, आणि हा आजार नसलेल्या १७५ जणांपैकी एकाच्याही रक्तात नाही.

या दोन आकड्यांचा अर्थ नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आजार असलेल्या शंभरांतल्या किती जणांना तपासणी पकडते, हा पहिला आकडा. आजार नसलेल्यांना ती किती वेळा बरोबर सोडून देते, हा दुसरा. लिंडस्ट्रॉम यांची तपासणी दुसऱ्या बाबतीत उत्कृष्ट होती. पॉझिटिव्ह आली तर जवळपास विश्वास ठेवावा. पहिल्या बाबतीत चांगली, पण पुरी नाही. शंभरातले तेरा आजारी तिच्या हातून सुटत होते. ज्यांचा आजार फक्त डोळ्यांपुरता आहे त्यांच्यात तर आजही साधारण निम्मेच पॉझिटिव्ह येतात.

त्या अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष होता. किती दिवसांपासून त्रास आहे याच्याशी अँटिबॉडीच्या पातळीचा मेळ बसत नव्हता. आज आपल्याला हेही माहीत आहे की एकाची पातळी दुसऱ्यापेक्षा दहापट असेल तर त्याचा आजार दहापट जास्त असतो, असं मुळीच नाही.

सुटलेल्यांचं काय झालं

तेरा टक्के हा आकडा कागदावर लहान दिसतो. पण त्या तेरा जणांतली तुमची बहीण असेल तर? या रुग्णांना “निगेटिव्ह मायस्थेनिया” असं नाव मिळालं. त्यांच्या आजाराविषयी शंका घेतली जाण्याची भीती कायम होती. ज्या आजारात सकाळी दवाखान्यात गेलेला माणूस ठणठणीत दिसतो आणि संध्याकाळी घरी कोसळतो, त्याला “मनाचे खेळ” म्हणणं फार सोपं असतं.

१९८६ मध्ये इंग्लंडमध्ये मॉसमन, अँजेला व्हिन्सेंट आणि न्यूसम-डेव्हिस यांनी अशाच निगेटिव्ह रुग्णांच्या रक्तातली अँटिबॉडी उंदरांना टोचली. उंदरांच्या नस-स्नायू सांध्यात बिघाड झाला. म्हणजे या रुग्णांच्या रक्तात दोषी अँटिबॉडी नक्की होती. तपासणी ज्या ठिकाणी शोधत होती तिथे मात्र ती नव्हती.

ती कुठे होती हे कळायला आणखी पंधरा वर्षं लागली. २००१ मध्ये व्हिन्सेंट यांच्याच सहभागाने मस्क नावाचं प्रथिन समोर आलं. रिसेप्टरांना सांध्यापाशी एकत्र गोळा करून ठेवण्याच्या कामात ते लागतं. शरीरभर दुर्बलता असलेल्या निगेटिव्ह रुग्णांपैकी तेव्हा तपासलेल्या सुमारे ७० टक्क्यांत या मस्कविरुद्ध अँटिबॉडी सापडली. ही नुसती नावाची भर नव्हती. मस्कच्या रुग्णांना नेहमीच्या पायरिडोस्टिग्मीन गोळ्यांचा बऱ्याचदा उपयोग होत नाही, कधी त्रासच वाढतो. थायमस ग्रंथी काढण्याचा फायदा त्यांच्यात दिसलेला नाही. रिटुक्सिमॅब हे औषध मात्र अनेकांना चांगलं लागू पडतं. कोणती अँटिबॉडी आहे यावर उपचाराची वाट ठरते.

तरीही काही जण दोन्ही तपासण्यांत निगेटिव्ह राहिले. २००८ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने कारण शोधलं, ते फार शिकण्यासारखं आहे. तीस वर्षांपूर्वीची पद्धत आठवा. तिथे रिसेप्टर विरघळवलेले असतात, एकमेकांपासून सुटे पोहत असतात. खऱ्या स्नायूवर ते खेटून, दाटीवाटीने बसलेले असतात. अँटिबॉडीला दोन हात असतात. गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने एकच कडी धरली तर झटक्याला हात सुटतो, दोन हातांनी शेजारच्या दोन कड्या धरल्या तर माणूस टिकून राहतो. पकड कच्ची असलेल्या अँटिबॉडीचंही तसंच. सुट्या रिसेप्टरवरून ती निसटते, दाटीने बसलेल्या रिसेप्टरांवर टिकते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवंत पेशींवर रिसेप्टर खऱ्यासारखे दाटीने बसवले आणि जुने निगेटिव्ह नमुने पुन्हा तपासले. ३८ पैकी २५ पॉझिटिव्ह निघाले.

म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट एवढंच म्हणत असतो : “मी या पद्धतीने ही विशिष्ट अँटिबॉडी शोधली आणि मला ती दिसली नाही.” “तुम्हाला आजार नाही” हे वाक्य त्यात आपण घालतो.

पॉझिटिव्हची दुसरी बाजू

मग पॉझिटिव्हवर डोळे झाकून विश्वास ठेवावा का? इथे एक साधा हिशेब करू. आकडे मी समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा एक तपासणी १०० आजाऱ्यांपैकी ८५ जणांना पकडते आणि निरोगी १०० जणांपैकी फक्त एकाला चुकून आजारी ठरवते. लक्षणं पाहून, तपासून १००० जण निवडले आणि त्यातल्या ५०० जणांना आजार आहे. तपासणी ४२५ खरे पॉझिटिव्ह देईल आणि ५ खोटे. छान. आता तीच तपासणी नुसता “थकवा येतो” म्हणणाऱ्या १००० जणांवर केली, त्यात आजारी फक्त २० आहेत. खरे पॉझिटिव्ह १७, खोटे जवळपास १०. तपासणी जराही बदलली नाही, पण आता दर तीन पॉझिटिव्हमध्ये एकाहून जास्त खोटा आहे.

हे कागदी गणित नाही. दृष्टीची नस आणि मज्जारज्जू यांना सूज आणणारा, अँटिबॉडीमुळेच होणारा एक वेगळा आजार आहे, त्याच्या अँटिबॉडीला थोडक्यात एमओजी म्हणतात. तिची तपासणी तर जिवंत पेशींवरच्या नव्या, चांगल्या पद्धतीची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०२१ मध्ये आपल्याकडच्या १२६० जणांच्या तपासण्या पडताळल्या. ९२ पॉझिटिव्ह होते आणि त्यातले २६ खोटे निघाले. पातळी फार वर होती तिथे सगळे खरे होते, पातळी अगदी कमी होती तिथे जवळपास निम्मे खोटे. निगेटिव्हला घाईने मानलं तर आजारी माणूस उपचारांशिवाय राहतो, कमी पातळीच्या पॉझिटिव्हला घाईने मानलं तर दुसराच आजार असलेला माणूस वर्षानुवर्षं चुकीची, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतो.

मग करायचं काय

इतिहासातून घरी न्यावं असं थोडंसं. ही तपासणी उपयोगी आहे, तिने असंख्य लोकांचं निदान सोपं केलं. पण ती लक्षणांनंतर येते, लक्षणांऐवजी नाही. रिपोर्टवर अँटिबॉडीचं नाव, पद्धत आणि पातळी बघा. वेगवेगळ्या लॅबचे, वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून आजार वाढला की कमी झाला असं ठरवू नका. सलाइनमधून इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर ते डॉक्टरांना आणि लॅबला सांगा. त्यात इतर रक्तदात्यांच्या अँटिबॉडी असतात, रिपोर्ट फसू शकतो. शक्यतो रक्त त्याआधीच काढावं.

आणि रिपोर्ट निगेटिव्ह असूनही पापणी संध्याकाळी खाली येतच असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला विचारा : मस्क तपासलं का? पेशींवरची तपासणी करता येईल का? नसेला वारंवार विजेचे झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद पाहिला का? हा तोच योलींचा १८९५चा प्रयोग, आता यंत्रावर होतो. मोबाइलमध्ये सकाळचा आणि संध्याकाळचा चेहरा टिपून ठेवा. डॉक्टरांना तो फोटो फार उपयोगी पडतो. आणि गिळताना ठसका लागायला लागला, झोपल्यावर श्वास अपुरा पडायला लागला, तर कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जा. या आजारात जीव जातो तो श्वासामुळे, आणि वेळेवर पोहोचलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो.

विलिस यांच्यापासून मेरी वॉकर यांच्यापर्यंत कुणाकडेही अँटिबॉडीची तपासणी नव्हती. त्यांनी रुग्णाचं ऐकलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. पुढच्या सगळ्या तपासण्या त्या ऐकण्यातून आल्या. म्हणून घरातलं कुणी “संध्याकाळी मला जमत नाही” म्हणालं, तर पहिल्यांदा त्याचं ऐका. रिपोर्ट नंतर वाचू.

आज इथेच थांबू.